सॅकमधला पंपाचा स्टोव्ह: आधी इंधन ठरवा, मग स्टोव्ह

गॅस घरोघरी पोहोचायच्या आधी मराठी स्वयंपाकघरात काकडा, पिन आणि पंपाचा वॉशर या तीन गोष्टी कायम हाताशी असायच्या. काकडा स्पिरिटमध्ये बुडवून बर्नरला लावायचा, बर्नर तापला की पंप मारायचा. पिवळा भडका उडाला तर बर्नर अजून गार आहे, आणि निळी ज्योत भरभर आवाज करू लागली की भांडं चढवायचं. गिर्यारोहणाच्या दुकानात आज जो लिक्विड फ्युएल स्टोव्ह मिळतो तो याच स्टोव्हचा नातू. मूळ रचना स्टॉकहोमच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टची, १८९२ सालची. तिचं नाव प्रायमस. अमुंडसेनने १९११ मध्ये दक्षिण ध्रुवावर नेला तो प्रायमस, आणि १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत बर्फ वितळवला तोही प्रायमसवरच.

आजोबा आणि नातू यांच्यात मोठा फरक एकच आहे. जुन्या स्टोव्हची टाकी बर्नरच्या पोटाखाली असते. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या एमएसआर कंपनीने टाकीच काढून टाकली आणि इंधनाच्या बाटलीतच पंप बसवून ती नळीने बर्नरला जोडली. बर्नर बुटका झाला, बाटली आगीपासून लांब गेली आणि सामान हलकं झालं. सध्याचे बहुतेक स्टोव्ह याच घडणीचे आहेत.

आत काय घडतं

रॉकेल किंवा पेट्रोल द्रव असताना नीट जळत नाही. पुरेशी हवा मिसळत नाही, म्हणून पिवळी ज्योत आणि काजळी. ते आधी वाफ होऊन हवेत मिसळलं तरच निळं जळतं. म्हणून बाटलीकडून येणारी नळी बर्नरमध्ये ज्योतीच्या अगदी जवळून, बऱ्याच स्टोव्हमध्ये ज्योतीतूनच, फिरवलेली असते. तिथे इंधनाची वाफ होते, ती जेटच्या बारीक भोकातून जोरात बाहेर पडते, जाता जाता आजूबाजूची हवा ओढून घेते आणि वर पेटते. त्याच ज्योतीने नळी तापत राहते. चक्र एकदा फिरलं की आपोआप चालू राहतं. ते सुरू करून देण्यासाठी मात्र बाहेरून उष्णता द्यावी लागते, आणि काकड्याचं काम तेवढंच होतं.

हे एक चित्र डोक्यात पक्कं बसलं की स्टोव्हचा जवळपास प्रत्येक रुसवा त्यातून उलगडतो. पेट्रोल साधारण ३५ ते २०० अंश सेल्सियसच्या दरम्यान उकळतं, रॉकेल १५० ते ३०० च्या दरम्यान. म्हणजे रॉकेलला नळी कितीतरी जास्त तापलेली लागते, आणि म्हणूनच त्याला काकडा जास्त वेळ द्यावा लागतो. रॉकेलची वाफ जडही असते आणि नीट जळायला तिला हवा जास्त लागते. भोक मोठं ठेवलं तर वाफ जास्त आणि हवा कमी अशी गत होते. प्रायमसच्या ऑम्नीफ्युएल स्टोव्हसोबत मिळणाऱ्या जेटकडे पाहा: पेट्रोलसाठी ०.३७ मिमी, रॉकेल-डिझेलसाठी ०.२८ मिमी. नुसत्या डोळ्यांना फरक दिसत नाही, ज्योतीत मात्र लगेच दिसतो.

मुळात हा स्टोव्ह हवा का

सह्याद्रीत शनिवार-रविवार दोघंतिघं चहा, मॅगी, खिचडी करणार असाल तर नको. गॅसचा डबा आणि त्यावर फिरवून बसवायचा शंभरेक ग्रॅमचा बर्नर पुरतो. त्याला काकडा लागत नाही, पंप लागत नाही, हात काळे होत नाहीत. द्रव इंधनाचा स्टोव्ह हे थोडं शिकून घ्यायचं यंत्र आहे, आणि ज्याला ते शिकायचं नाही त्याने ते घेऊ नये.

त्याची खरी जागा थंडीत, उंचीवर आणि लांबच्या वाटांवर आहे. गॅसच्या डब्यातला ब्युटेन उणे अर्धा अंशाला उकळायचा थांबतो, आयसोब्युटेन उणे १२ च्या आसपास. डब्यातला दाब या उकळण्यातूनच येतो, त्यामुळे कडाक्याच्या पहाटे डबा अर्धा भरलेला असूनही ज्योत मिणमिणते. पंपाच्या स्टोव्हमध्ये दाब तुमच्या हाताने भरायचा असतो, हवामान काहीही असो. दुसरं म्हणजे गॅसचे डबे विमानात नेता येत नाहीत. लेह, मनाली, काठमांडू इथल्या दुकानांत ते मिळतात, पण त्यापुढच्या गावात मिळतीलच असं नाही. आणि बर्फ वितळवून पाणी करायचं असेल, किंवा आठ-दहा जणांचा आठवडाभराचा स्वयंपाक असेल, तर डब्यांचा ढीग होतो आणि रिकामे डबे परत वाहून आणावे लागतात.

इंधन: जिथे जायचं तिथे काय मिळतं

स्टोव्ह विकत घेताना लोक ज्योतीची ताकद आणि वजन बघतात. खरं तर पहिला प्रश्न इंधनाचा आहे, कारण इंधन प्रवासात बरोबर नेता येत नाही. विमानात तर नाहीच. रेल्वेत रॉकेल, पेट्रोल, भरलेला स्टोव्ह नेणं हा रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १६४ नुसार गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एसटीतही ज्वालाग्राही माल चालत नाही. म्हणजे इंधन ट्रेकच्या पायथ्याला विकत घ्यायचं, आणि तिथे जे मिळेल ते स्टोव्हला चाललं पाहिजे.

परदेशी माहितीपत्रकांत पहिलं नाव असतं व्हाइट गॅसचं. हा शुद्ध केलेला नॅफ्था, म्हणजे पेट्रोलच्या जातीचं हलकं खनिज तेल असतं; अमेरिकेत तो कोलमन फ्युएल या नावाने सर्रास मिळतो. लवकर पेटतो, काजळी जवळजवळ नाही, जेट तुंबत नाही. अमेरिकेत राहणाऱ्यांनी फार विचार न करता हाच वापरावा. आपल्याकडे तो सहज मिळत नाही, त्यामुळे फक्त व्हाइट गॅसवर चालणारा स्टोव्ह इथे घेणं म्हणजे पैसे अडकवणं. नावांचा घोळही ध्यानात ठेवा. ब्रिटनमध्ये व्हाइट स्पिरिट मागितलंत तर रंगकामाचं टर्पेंटाईन हातात येईल आणि पॅराफिन मागितलंत तर रॉकेल. नेपाळमध्ये रॉकेलला मट्टीतेल म्हणतात.

रॉकेल, काहींच्या तोंडी घासलेट, हे स्वभावाने शांत इंधन. थंड रॉकेल सांडलं तर काडी लागली तरी लगेच भडकत नाही. ते पेट घेण्याइतकी वाफ साधारण ३८ अंशांच्या वरच सोडतं. तंबूच्या आसपास वावरताना हा मोठा गुण आहे. अवगुण असा की ते तापायला वेळ घेतं, काजळी धरतं, आणि सांडलं की सॅकला आठवडाभर वास. रेशनचं निळं रॉकेल आता दुर्मीळ झालं आहे, आणि दिल्ली तर २०१४ मध्येच रॉकेलमुक्त जाहीर झाली. तेव्हा दिल्लीत उतरून घेऊ असं गृहीत धरू नका. गाडीवाल्याशी किंवा स्थानिक वाटाड्याशी आधीच बोलून ठेवा. मिळेल ते रॉकेल जुन्या मलमलीच्या दुहेरी घडीतून गाळून घ्या आणि पिंपाच्या तळाचं शेवटचं घेऊ नका. पाणी आणि गाळ तळाशीच बसतो.

रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाईन गुणधर्मांनी रॉकेलच्या जवळचं आहे आणि स्टोव्हला रॉकेलच्या जेटवर चालवता येतं, थोडा उग्र वास सोसायची तयारी असेल तर. त्याच फळीवर थिनरचे डबे असतात. त्यांना हात लावू नका. थिनरमधली द्रावणं सांध्यांतली ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारी गोल रबरी कडी, फुगवतात आणि विरघळवतात, आणि ती ओ-रिंगच तुमच्या आणि दाबाखालच्या इंधनाच्या मध्ये उभी असते.

पेट्रोल सगळीकडे मिळतं हा त्याचा एकमेव मोठा गुण. त्याची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, म्हणजे हिमालयातल्या कुठल्याही पहाटे ते भडकायला तयारच असतं. त्यात मोटारीच्या इंजिनासाठी घातलेली रसायनं जेटमध्ये साचतात, म्हणून साफसफाई जास्त. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉलही असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि काही जातींचं रबर फुगवतं. पेट्रोल ताजं घ्यावं, महिनोन्‌महिने बाटलीत ठेवू नये, आणि पेट्रोलवर चालवणार असाल तर ओ-रिंगचा जादा जोड जवळ असावा. महागडं प्रीमियम पेट्रोल घेऊन काहीच साधत नाही. बरेच पंपचालक सुट्या बाटलीत पेट्रोल देत नाहीत. स्टोव्हची धातूची बाटली दाखवून विचारून पाहावं, प्लास्टिकच्या बाटलीत मात्र मागूच नये.

डिझेल हा नाइलाज. काळा धूर, लांबलेला काकडा, आणि कडाक्याच्या थंडीत त्यात मेण धरतं. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल काढलं ते याच कारणाने.

स्टोव्ह निवडताना

इथून पुढची निवड सोपी आहे. भारतात वापरायचा स्टोव्ह रॉकेल आणि पेट्रोल दोन्हीवर चालणारा हवा. एकाच नावाच्या दोन मॉडेलांत इथे फसगत होते. एमएसआरचा साधा व्हिस्परलाइट फक्त व्हाइट गॅससाठी आहे; व्हिस्परलाइट इंटरनॅशनल व्हाइट गॅस, रॉकेल, पेट्रोल या तिन्हीवर चालतो. खोक्यात रॉकेलचा वेगळा जेट आहे का, हे दुकानातच उघडून पाहा. एमएसआरचा एक्सजीके डिझेलसुद्धा पचवतो, पण त्याला मंद आच जमत नाही. तो बर्फ वितळवायचा राक्षस आहे.

मंद आचेचा मुद्दा आपल्या जेवणामुळे महत्त्वाचा ठरतो. पाश्चात्त्य गिर्यारोहक बहुतेक वेळा पाणी उकळून पाकिटातल्या सुक्या जेवणात ओततो. आपल्याला पिठलं रटरटू द्यायचं असतं, खिचडीला दम द्यायचा असतो. ज्या स्टोव्हला एकच झडप पंपाजवळ असते, तिथे झडप फिरवल्यावर परिणाम दिसायला काही सेकंद जातात, कारण मधली अख्खी नळी इंधनाने भरलेली असते. तेवढ्यात पिठलं तळाला लागतं. बर्नरजवळ दुसरी झडप असलेले स्टोव्ह, उदाहरणार्थ एमएसआरचा ड्रॅगनफ्लाय किंवा प्रायमसचा ऑम्नीफ्युएल, इथे खूप बरे. वजन थोडं जास्त आणि आवाज ड्रॅगनफ्लायचा इतका की शेजारच्या तंबूतला माणूस उठतो. एक झडपवाला असेल तर बाटलीतला दाबच कमी ठेवा, पंप निम्मे मारा, आणि भांड्याखाली पातळ लोखंडी तवा किंवा जाड पत्र्याचा तुकडा सरकवा. आच पसरते.

भांड्याचे पाय किती रुंद उघडतात तेही बघा. तीन लिटरचा कुकर अरुंद पायांवर डुलतो, आणि उकळत्या पाण्याने भाजणं हा स्टोव्हवरचा नेहमीचा अपघात आहे, स्फोट नव्हे.

बाजारातला पितळी घरगुती स्टोव्ह स्वस्त, दणकट आणि कुठल्याही गावात दुरुस्त होणारा आहे. खेचरं असलेल्या मोठ्या ग्रुपसाठी आजही तो उत्तम. पण तो फक्त रॉकेलचा. त्यात पेट्रोल घालणं जिवावर बेततं, कारण टाकी बर्नरखालीच तापते, आणि तापलेल्या पेट्रोलचा दाब त्या टाकीला झेपणारा नसतो.

पेटवणं

पहिल्यांदा गच्चीवर करून पाहा. गॅलरीत किंवा ओट्यावर नको. पहिल्या दोन-तीन वेळा भडका हमखास अपेक्षेपेक्षा उंच जातो.

बाटली कंपनीचीच वापरा. पाण्याची धातूची बाटली तशीच दिसली तरी ती दाबासाठी बनवलेली नसते. बाटलीवरच्या खुणेपर्यंतच भरा, साधारण चार-पंचमांश. वरची मोकळी जागा वाया गेलेली नाही. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते, आणि हाच हवेचा फुगा इंधन ढकलतो. शिवाय दर १० अंशांना इंधन सुमारे एक टक्का फुगतं. गळ्यापर्यंत भरलेली बाटली उन्हात आली तर त्या फुगण्याला जागा उरत नाही.

पंप घट्ट बसवा, झडप बंद असल्याची खात्री करा आणि मग १५ ते २० वेळा पंप मारा. बाटली अर्धी असेल तर ४० वेळाही मारावा लागतो, कारण हवेची जागा मोठी असते. दट्ट्याला हाताखाली चांगला विरोध जाणवला की थांबा. मग नळी जोडा, बाटली नळी पुरेल तितकी लांब ठेवा, सांध्यांना नाक लावून वास घ्या, बोट फिरवून ओल बघा. ओल असेल तर काडी ओढायचीच नाही.

आता काकड्याचं काम. पेट्रोलवर असाल तर झडप क्षणभर उघडून बर्नरखालच्या वाटीत अर्धा चमचा इंधन येऊ द्या आणि झडप बंद करा. अर्धाच चमचा. पहिल्यांदा वापरणारे वाटी भरून ओततात आणि मग गुडघ्याएवढी ज्वाळा पाहून घाबरतात. पेटवा, ज्वाळा विझत आली की झडप हळूच उघडा. भुस्स आवाजासह निळी ज्योत धरली की हळूहळू वाढवा. उघडल्यावर पिवळं भडकलं तर बंद करून आणखी थोडं तापू द्या. आणि ज्वाळा पूर्ण विझली असेल तर झडप घाईने उघडू नका. गरम बर्नरवर न पेटलेली वाफ जमून राहते आणि काडी दाखवताच फटकन पेटते. आधी काडी जवळ न्या, मग झडप थोडीशी उघडा.

रॉकेलला हीच पद्धत चालते, पण भांडं, स्टोव्ह आणि तुमचे हात तिन्ही काळे होतात. त्याऐवजी वाटीत स्पिरिट घाला. मेडिकलच्या दुकानातला अल्कोहोलयुक्त जेल सॅनिटायझर तर त्याहून सोयीचा, तो सांडत नाही आणि स्टोव्हच्या छोट्या वाटीत बोटाने लावता येतो. दोन ते तीन चमचे लागतील, थंडीत जास्त. एक सावधगिरी: अल्कोहोलची ज्योत उन्हात दिसत नाही. विझली समजून वर आणखी ओतू नका.

विझवताना झडप बंद केली तरी नळीतलं इंधन संपेपर्यंत ज्योत अर्धा-एक मिनिट रेंगाळते. हा बिघाड नाही. काही स्टोव्हमध्ये बाटली उलटी करून विझवायची सोय असते. त्यात नळीतून हवा जाऊन ती साफ होते आणि दाबही उतरतो. बाकीच्यांत स्टोव्ह पूर्ण थंड झाल्यावर, बाटली उभी धरून, आगीपासून लांब जाऊन पंप हलकेच सैल करा. फुस्स करून हवा जाऊ द्या. गरम स्टोव्हजवळ बाटली उघडून पुन्हा भरणं ही सगळ्यात महागात पडणारी घाई.

वारा, उंची, बर्फ आणि हिशोब

वाऱ्यात उघड्यावर स्टोव्ह चालवला तर इंधन दीडपट-दुप्पट जातं. अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा आडोसा भांड्याभोवती दोन बोटं अंतर सोडून लावा, आणि बाटली त्या आडोशाच्या बाहेर ठेवा. टाकी बर्नरखाली असलेल्या स्टोव्हला किंवा गॅसच्या डब्याला मात्र असा घट्ट आडोसा लावायचा नाही. तिथे टाकीच भट्टीत बसते.

उंचीवर पाणी लवकर उकळतं आणि त्यामुळेच अन्न उशिरा शिजतं. दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. ४००० मीटरवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं, आणि तूरडाळ तिथे तासभर उकळली तरी कडकच राहते. छोटा अॅल्युमिनियमचा कुकर सॅकमध्ये जड वाटतो, पण त्याच उंचीवर तो आतलं तापमान ११३-११४ अंशांपर्यंत नेतो. वाचलेलं इंधन कुकरचं वजन भरून काढतं. कुकर न्यायचा नसेल तर डाळ-तांदूळ सोडा आणि मेतकूट, सत्तू, पोहे, शेवया यांवर भागवा.

आता हिशोब. एक लिटर पाणी उकळायला चांगल्या आडोशाने २० ते २५ मिलिलिटर रॉकेल लागतं. एक किलो बर्फ वितळवून शून्य अंशाचं पाणी करायला ३३४ किलोज्यूल लागतात, आणि तेच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापवायलाही तेवढेच. म्हणजे नुसतं वितळवण्यात चहा जवळजवळ होऊन जातो. म्हणून पाणी मिळणाऱ्या वाटेवर माणशी रोजचे १०० ते १२० मिलिलिटर, आणि बर्फ वितळवायचा असेल तर २०० ते २५० धरा. दोन माणसं, चार दिवस, ओढ्याचं पाणी: सुमारे एक लिटर. तुमचं जेवण वेगळं असेल तर घरी एकदा पूर्ण स्वयंपाक करून बाटलीचं आधीचं आणि नंतरचं वजन करा. रॉकेल मिलिलिटरला ०.८ ग्रॅम, पेट्रोल ०.७४ च्या आसपास. कुठल्याही कोष्टकापेक्षा हा आकडा खरा.

बर्फावर स्टोव्ह थेट ठेवला तर तो खड्डा करून त्यात कलंडतो. वीतभर चौकोनी प्लायवूडला फॉइल गुंडाळून पाट करा. भांड्यात आधी कपभर पाणी असू द्या आणि मग बर्फ टाकत जा. कोरडा बर्फ तळाचं पाणी वर शोषून घेतो, तळ रिकामा राहतो आणि भांडं चक्क करपतं. त्या पाण्याला येणारी चव जात नाही. इंधन ओतताना हातमोजे घाला. उणे २० चं पेट्रोल द्रवच असतं, पण हातावर सांडलं तर कातडी तिथल्या तिथे गोठते.

रुसला तर

ज्योत पिवळी राहते: बर्नर पुरेसा तापलेला नाही, किंवा रॉकेल घातलंय आणि जेट पेट्रोलचा आहे, किंवा हवेची भोकं काजळीने बुजली आहेत. या क्रमाने बघा.

ज्योत मिणमिणते: आधी पंप मारा. मग जेट. बऱ्याच नव्या स्टोव्हमध्ये जेटच्या आत सुई असलेलं वजन असतं. थंड स्टोव्ह वरखाली हलवला की खडखड आवाज येतो आणि सुई भोक साफ करते. आवाज येत नसेल तर सुई अडकली आहे, जेट काढावा लागेल. तरीही जोर नसेल तर नळीत कार्बन धरला आहे. काही नळ्यांत आत तारेचा दोर असतो. तो ओढून बाहेर काढा, पुसा, पुन्हा घालून दहा-बारा वेळा मागेपुढे घासा. स्टोव्ह थंड असेल तर हे पकडीशिवायही जमतं, गरम असेल तर करूच नका.

दट्ट्या हलका जातो, विरोधच नाही: वॉशर सुकला किंवा आक्रसला. बाहेर काढा, कडा बोटाने बाहेरच्या बाजूला पसरवा, तेल लावा. आजीच्या काळापासून यावर खोबरेल तेलाचा उपाय चालत आला आहे, आणि कोकणात तो चालतोही. हिमालयात नाही. खोबरेल २४ अंशांच्या आसपासच थिजतं. उणे दहाला वॉशर मेणबत्तीसारखा कडक होतो. शिवणयंत्राच्या तेलाची छोटी बाटली न्या. उलट दट्ट्या स्वतःहून बाहेर ढकलला जात असेल तर पंपाच्या टोकाची एकदिशा झडप घाण झाली आहे. काढून पुसली की बहुतेक वेळा सुटतं.

ज्योत धडधडते, कमीजास्त होते: इंधनात पाणी, किंवा बाटली तळाला आली, किंवा वारा. सांध्यातून ओल येत असेल तर तिथे प्रयोग नाही. बंद करायचं, थंड होऊ द्यायचं, ओ-रिंग बदलायची.

जादा ओ-रिंग, जादा वॉशर, दोन्ही जेट, सुई, मलमलीचा तुकडा आणि तेल मिळून मूठभर पुडी होते. तिच्याविना निघालेला स्टोव्ह म्हणजे पाठीवरचं ओझं.

तंबूच्या आत

नको. वादळ असलं तरी निदान दाराच्या ओसरीत, वर-खाली हवा खेळती ठेवून. आगीचा धोका तर कळतोच, पण अर्धवट जळणातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि निळी ज्योत म्हणजे तो नाही असंही नाही. बर्फाने भरलेलं थंडगार भांडं ज्योतीत टेकलं की जळण अर्धवट राहतं आणि हा वायू वाढतो. डोकं दुखणं, मळमळ, गळून जाणं ही त्याची लक्षणं हुबेहूब उंचीच्या त्रासासारखी असतात, त्यामुळे आजारी पडलेला माणूस तंबूतच आणखी झोपवला जातो. किचन टेंटमध्ये दोन समोरासमोरच्या बाजू उघड्या हव्यात.

सह्याद्रीत फेब्रुवारी ते मे गवत वाळून कोरडंठाक झालेलं असतं. स्टोव्ह उघड्या कातळावर, भोवतालचं गवत दोन हात साफ करून. अभयारण्याच्या हद्दीत जंगलाला धोका होईल अशा रीतीने आग पेटवायला वन्यजीव संरक्षण कायद्याची मनाई आहे, तेव्हा वन खात्याच्या चौकीवर विचारूनच स्टोव्ह काढा.

परत येताना

विमानात वापरलेला स्टोव्ह न्यायचा तर विमान कंपनीची आधी परवानगी लागते, आणि तो चेक-इनच्या सामानातच. आंतरराष्ट्रीय नियमानुसार बाटली आणि टाकी किमान एक तास निथळू द्यायची आणि झाकण काढून किमान सहा तास उघडी ठेवायची. दुसरा मान्य मार्ग म्हणजे आत खाद्यतेल फिरवून ओतून टाकणं. सुरक्षा तपासणीवर वासाचा निर्णय शेवटचा असतो, म्हणून पंप आणि बाटली साबणाने धुऊन, उन्हात वाळवून, वेगवेगळ्या पिशव्यांत बांधा. काही जण नवी बाटली जन्मभर कोरडी ठेवतात आणि फक्त तीच विमानाने नेतात. इंधनाची दुसरी बाटली लेहला ओळखीच्या माणसाकडे असते.

घरी आल्यावर उरलेलं पेट्रोल बाटलीत ठेवू नका, ते चिकट होतं आणि पुढच्या मोसमात जेटमध्ये सापडतं. गाडीच्या टाकीत ओता. रॉकेल मात्र वर्षभर टिकतं. बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा, झाकण घट्ट लावा आणि पाण्याच्या बाटल्यांपासून दूर, मुलांच्या हाताला न लागेल अशा फळीवर ठेवा. पंप बाटलीतून काढून वेगळा ठेवायचा, म्हणजे ओ-रिंग दबून चपटी होत नाही.